न विचारणारं घर

"कुनापैकी म्हनायच्या तुमी?" आक्कासाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

आम्ही दोघी त्यांच्या सोप्यात घोंगडीवर बसलो होतो. बाहेर जुलैतलं दमट ऊन होतं आणि आमच्या चपलांना राजारामपुरीतल्या सगळ्या गल्ल्यांचा चिखल लागलेला होता.

"मी वेंगुर्ल्याकडची," मी म्हटलं. "आणि ही कवठ्याची."

"गाव न्हाई इचारलं बाई. आडनाव काय?"

"मी इंदुमती आरोंदेकर. ही शकुंतला कवठेकर."

आक्कासाहेबांचा अडकित्ता थांबला. "ह्यातनं काय उमगंना," त्या म्हणाल्या. "बरं, ऱ्हाऊ दे. मटान खाता न्हवं?"

"मी खाते," मी घाईने सांगितलं.

"मी नाही खात," शकू म्हणाली.

शकूला खोटं बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. पुण्यातल्या मुलींच्या आश्रमात आठ वर्षं वरणभात जेवून तिची जीभ तशी झाली होती. जेवणालाही आणि बोलण्यालाही. 'णा'चा 'न' ती झोपेतही करत नसे.

"मग जमायचं न्हाई," आक्कासाहेब म्हणाल्या. "ह्या घरात आईतवारी आन् बुधवारी मटान शिजतंय. कुनी नाक मुरडल्यालं मला खपत न्हाई. तू एकली येत असशील तर बघ गं, काळे."

काळे म्हणजे मी. मी बाणेदारपणे उठले आणि म्हटलं, "आम्ही दोघी एकत्रच राहणार." त्या बाणेदारपणाची मला आजही आठवण आहे. तो मी बरेच दिवस पुरवून वापरला.

दुसरं घर शाहूपुरीत, एका कापडदुकानदाराचं. तिथे शकू पसंत पडली आणि मी नापास झाले.

"मासे खाता?" दुकानदारांच्या बायकोने विचारलं.

"घरी खाते. खोलीत आणणार नाही."

"खोलीत आणायला कशाला पाहिजे? अंगाला येतो की वास." आणि त्यांनी खिडकी उघडली.

ही १९६७ सालची गोष्ट. आम्ही दोघी सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलेल्या. मी तिच्या डब्यातलं खात असे, आणि खाते हे चारचौघांत जरा मोठ्याने सांगत असे. आता एम. ए.ला, भूगोल घेऊन, कोल्हापुरात आलो होतो. विद्यापीठ गावाबाहेर माळावर नवंनवं उभं राहिलेलं. मुलींच्या वसतिगृहात जागा होत्या मूठभर आणि त्या आम्ही पोचण्याआधीच भरल्या होत्या. तिथल्या मावशींनी दया येऊन आम्हाला तीन दिवस सतरंजीवर पडू दिलं, एवढंच. कचेरीतल्या कारकुनाने बजावून ठेवलं होतं: शनिवारी दुपारी बाराच्या आत अर्ज, अर्जावर गावातला पत्ता, पत्त्याखाली घरमालकाची सही. नसेल तर जागा प्रतीक्षायादीतल्या मुलीला.

माझ्या वडिलांचं कार्ड आलं होतं. 'प्रवेश झाल्यास ठीक. न झाल्यास रविवारच्या गाडीने निघावे. ठाण्याचे स्थळ थांबले आहे.' शकूच्या वडिलांचं कार्ड नव्हतं. ते जतकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते, पाच मुलांचा बाप. पत्त्याशिवाय सरकारी शिष्यवृत्ती नाही आणि शिष्यवृत्तीशिवाय शकूचं शिक्षण नाही, हे लिहून कळवण्याची त्यांना गरज नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही आमच्या भूगोलाच्या तांबट सरांपुढे जाऊन उभ्या राहिलो. सरांनी टक्कल खाजवलं, एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "अप्पा हेर्लेकरांकडे जा. निवृत्त हेडमास्तर. सुधारक माणूस. त्या घरात काही विचारत नाहीत."

चिठ्ठी आम्ही वाटेतच उघडून वाचली. 'दोन्ही मुली गुणी. एकीला मागासवर्गीय शिष्यवृत्ती आहे. आपल्यासारख्यांनी आधार द्यावा.'

"एकीला," शकू म्हणाली. "सर किती सभ्य आहेत बघ. कुणाला ते लिहिलं नाही."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आम्ही अप्पांच्या ओसरीवर होतो. भिंतीवर एक मोठा फोटो होता. शाळेच्या पटांगणात पंगत बसलेली, शंभर-सव्वाशे डोकी, आणि एका डोक्याभोवती शाईने गोल काढलेला.

"तो मी," अप्पांनी छडीने दाखवलं. छडी अजून त्यांच्या हातात असायची, मुलं नसली तरी. "सहभोजन. छत्तीस साली. सगळ्या जातींची मुलं एका ओळीत. माझ्या सख्ख्या मामाने तीन वर्षं मला उंबरा चढू दिला नाही, माहीत आहे? तेव्हा प्रतिज्ञा केली. या घरात कुणी कुणाला जात विचारायची नाही. काय हो?"

हे 'काय हो' त्यांच्या पत्नीला, माईंना होतं. माई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात तांबट सरांची चिठ्ठी होती आणि त्यांची नजर शकूवरून माझ्यावर, माझ्यावरून शकूवर चालली होती. बाजारात दोन भोपळ्यांतला किडका कुठला ते बायका बघतात, तशी.

"नाही विचारायची," माई म्हणाल्या. "एकतीस वर्षं नाही विचारली."

आता आम्ही दोघी कशा दिसत होतो ते सांगायला हवं. शकू केतकी रंगाची, घाऱ्या डोळ्यांची, नाकीडोळी नीटस. बोलणं रेडिओवरच्या बाईसारखं. मी तव्याच्या रंगाची, कुरळ्या केसांची. आवाज खाडीपलीकडे पोचेल असा, आणि प्रत्येक वाक्याला मालवणी हेल.

"तुझं नाव काय गं बाळ?" माईंनी शकूला विचारलं.

"शकुंतला कवठेकर."

"डोळे कुणाचे? आईचे?"

"आजीचे."

"वाटलंच," माई म्हणाल्या आणि प्रसन्न होऊन आत गेल्या. मला नाव विचारलं नाही.

मग चहा आला. ट्रेमध्ये चार कप. तीन पांढरे, गुलाबाच्या फुलांचे, बशीत ठेवलेले. एक निळा, कान तुटलेला, बिनबशीचा. माईंनी ट्रे तिवईवर ठेवला आणि अलगद अर्धा फिरवला, ओवाळताना तबक फिरवावं तसा. निळा कप माझ्यापुढे येऊन थांबला. त्याच वेळी शकूचा हात सरळ त्या निळ्या कपाकडे गेला.

"अगं अगं, तो नको!" माई ओरडल्याच. "तो... कढत आहे. तू हा घे."

शकूने हात मागे घेतला. अप्पांनी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. मी कप उचलला, फुंकर मारमारून चहा प्याले आणि मनात म्हटलं, सुधारकांच्या घरी चहाला आलं घालत नाहीत वाटतं.

खोली माडीवर होती. मोठी, दोन खिडक्यांची, खाली जास्वंदी आणि पलीकडे थेट विद्यापीठाचा माळ. माईंनी सगळं दाखवलं. "शकुंतले, तू पुढच्या नळावर आंघोळीला येत जा. आणि तू गं, तुला मागचा नळ. तिथे गर्दी नसते. तुझं ताट-वाटी मी वेगळं काढून ठेवते, म्हणजे तुला शोधावं लागायला नको."

"केवढी काळजी घेतात," त्या खाली गेल्यावर मी म्हटलं.

शकूने दार लावलं, भिंतीला टेकून खाली बसली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"इंदू, तुला कप आवडला का?"

"कान तुटलेला? जाऊ दे गं. निवृत्त माणूस. पेन्शनीत किती भागणार?"

"पेन्शन!" तिला पुन्हा हसू फुटलं. "अगं, तो तुटलेला नाही, ठेवलेला आहे. पायरीच्या बाजूला कोनाड्यात पालथा. आल्या आल्या दिसला मला. तो माझा कप आहे, इंदू. प्रत्येक गावात असतो. मी त्याला अंधारातसुद्धा ओळखीन."

मला अजून कळेना.

"चिठ्ठीवरून त्यांना एवढं समजलं की दोघींतली एक आहे. विचारायची तर बंदी. मग बिचाऱ्यांनी डोळ्यांनी ठरवलं. मी घारी, म्हणजे कोकणस्थ. मग उरलं कोण?"

मी आरशात पाहिलं. मग मलाही हसू आलं. आरोंद्याचे आरोंदेकर, ज्यांच्या पंक्तीला गावचा पोस्टमास्तर बसवून घेतला नाही म्हणून दोन वर्षं टपाल उशिरा यायचं, त्यांची मुलगी मी! आम्ही दोघी सतरंजीच्या गुंडाळीवर लोळून लोळून हसलो.

"खाली जाऊन सांगू या?" मी म्हटलं.

"सांग की. मग उद्या अर्जावर पत्ता काय लिहायचा? एस. टी. स्टँड, फलाट नंबर दोन?"

"नको मग."

शकूने डोळे पुसले. "अप्पा उद्या सकाळी सही करणार आहेत. सही म्हणे ते झोपून उठल्यावरच करतात, ताज्या डोक्याने. पण सही झाली तरी पुढे दोन वर्षं आहेत. निभेल तुला?"

"त्यात काय निभायचंय? चहा तर तोच आहे ना!"

शकू माझ्याकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "चहा तोच असतो."

ही गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. लग्नात, बारशाला, शाळेच्या निरोपसमारंभात, महिला मंडळाच्या सहलीत. पण नेहमी इथवरच. लोक पोट धरून हसतात, माईंना नावं ठेवतात, 'काय एकेक नमुने असत त्या काळी' म्हणतात. मग कुणीतरी बटाटेवडे आणतं आणि पुढचं राहून जातं.

पुढचं असं. संध्याकाळी माईंनी शकूला देवघरात नेलं. "हार करता येतो का?" म्हणून विचारलं, आणि तिने केलेला हार बघून म्हणाल्या, "घरचं वळण लपत नाही हो." मला जेवायला जिन्याच्या खालच्या पायरीवर पाट मांडला होता. आमटी उंचावरून पडली आणि थोडी माझ्या हातावर उडाली. जेवून झाल्यावर माईंनी राखेची वाटी पुढे सरकवली. "तुझं तू घासून घे बाळ. आणि पालथं घाल."

मी घासलं. आमच्या घरी मी कधी स्वतःचं ताट घासलं नव्हतं. मागच्या नळाजवळ शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेतसुद्धा मला काहीतरी दिसलं.

माडीवर शकू आली, तिच्या कपाळावर देवाचं कुंकू होतं.

"ऐक तर गंमत," ती म्हणाली. "मला आज बाळकृष्णाला दूध दाखवायला लावलं! माझ्या आजीला कळलं तर—"

"मला झोप आली आहे," मी म्हटलं.

शकूने सतरंजी पसरली. मग म्हणाली, "एकच दिवस झाला गं."

सकाळी निळ्या कपातला चहा पायरीवर आला. कपाला कान नसला की तो दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि मान आपोआप खाली जाते. हे आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आठच्या सुमाराला अप्पा ओसरीवर टेबलाशी बसले. ताजं डोकं, धुतलेला सदरा. आमचे दोन्ही अर्ज त्यांनी समोर ठेवले. "आ आधी, क नंतर," ते म्हणाले. "शाळेत मी हजेरी अशीच घेत असे. नियम म्हणजे नियम." त्यांनी माझ्या अर्जावर झोकात सही केली, तारीख घातली, टिपकागद दाबला. मग दुसरा अर्ज ओढला आणि चष्मा पुसायला घेतला.

मी पायरीवर होते. शकू परडीत जास्वंदीची फुलं घेऊन बागेतून येत होती. माई दारात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. रात्रभर काहीतरी मनात घोळल्यासारख्या त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या:

"इंदू, राग नाही ना येणार? एक विचारते. एवढी एम. ए.पर्यंत पोचलीस, कौतुक आहे हो. तुझी आई कुणाकडे कामाला जाते गं?"

माईंच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला शपथेवर सांगावं लागेल. त्यांना खरंच कौतुक होतं. टोमणा असता तर कदाचित मी गिळला असता.

"माझी आई?" मी उभी राहिले. "माझ्या आईच्या हाताखाली दोन बायका कामाला आहेत! आम्ही आरोंद्याचे आरोंदेकर. सारस्वत! आमच्या देवळात पालखीला पहिला खांदा आमचा असतो. माझी आई कामाला जाते?"

खाडीपलीकडे पोचणारा आवाज तो. गल्लीतही पोचला असेल.

माईंच्या मांडीवरचं सूप खाली सरकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान सावकाश वळवून बागेतल्या पायवाटेकडे पाहिलं. शकू जिथे होती तिथेच थांबली होती, परडी दोन्ही हातांत.

"अगं बाई," माई म्हणाल्या. "देवघरात. काल देवघरात..."

 अप्पांचा चष्मा पुसून झाला होता तरी ते पुसत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण शोधलं आणि बसवलं. टक् असा आवाज आला.

"हे बरं नाही झालं, कवठेकर," ते म्हणाले. काल ते तिला शकुंतला म्हणत होते. "प्रश्न जातीचा नाही. हा फोटो साक्षीला आहे. प्रश्न खोटेपणाचा आहे. तू सांगायला हवं होतंस."

"तुम्ही कुणीच विचारलं नव्हतंत," शकू म्हणाली. तिचा 'ण' नेहमीसारखाच स्वच्छ होता. "या घरात विचारत नाहीत ना, अप्पा?"

"मुद्दा तत्त्वाचा आहे."

"मग खोटं तर हिनेही सांगितलं नाही आणि खरंही सांगितलं नाही. हिच्या अर्जावर सही आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर चुकत चुकत अखेर बरोबर आलं की मास्तर बघतात तसं.

"तिने शेवटी खरं सांगितलं," ते म्हणाले.

तेव्हा मला बोलता आलं असतं. 'माझीही सही खोडा' हे तीन शब्द होते. आक्कासाहेबांच्या सोप्यात मी याहून लांब वाक्य बोलले होते. पण वडिलांचं कार्ड माझ्या पिशवीत होतं, ठाण्याचं स्थळ थांबलं होतं, आणि टेबलावर टिपकागदाखाली माझ्या अर्जावरची सही वाळत होती. मी टिपकागदाकडे बघत राहिले.

"परडी... परडी तिथेच ठेव हो," माई शकूला म्हणाल्या.

शकूने परडी पायवाटेवर ठेवली. ती ओसरीवर आली, स्वतःचा अर्ज उचलला, नीट चार घड्या घातल्या. मग तिची नजर पायरीवरच्या निळ्या कपावर गेली. तळाशी थोडा चहा राहिला होता. तिने तो उचलला, मागच्या नळावर नेला, विसळला, पदराने पुसला आणि कोनाड्यात पालथा घातला. इतक्या सवयीने, की जणू त्या घरात ती वर्षानुवर्षं राहत होती.

ट्रंक घेऊन ती फाटकाशी आली तेव्हा मी मागोमाग गेले.

"शकू, मी येऊ का?"

"कुठे?"

मी फाटकाची कडी धरून उभी राहिले.

"काल दुपारी तीन ते आज सकाळी नऊ," ती म्हणाली. "अठरा तास काढलेस इंदू. तुझ्या मानाने पुष्कळ झाले."

ती हसत होती की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. घारे डोळे फार फसवतात.

साडेअकराला मी अर्ज दिला. बारा वाजून पाच मिनिटांनी कारकुनाने यादीतल्या एका नावावर रेघ मारली आणि खाली दुसरं लिहिलं. शकू जतलाच शाळेत लागली, असं पुढे कळलं. मी तिला दोन पत्रं लिहिली. दोन्हींत मी माईंना फार नावं ठेवली होती. उत्तर आलं नाही.

मी त्या घरात दोन वर्षं राहिले. पुढचा नळ, स्वयंपाकघरात पाट, सणाला पुरणपोळी. विद्यापीठात पहिली आले तेव्हा माईंनी माझी दृष्ट काढली.

पण ते सगळं नंतर. त्या शनिवारी प्रवेश घेऊन परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. देवघर धुतल्याने ओसरीपर्यंत ओल आली होती. माईंनी स्वतःच्या हाताने गुलाबाच्या फुलांचा कप आणला, बशीत ठेवून.

"घे गं बाई," त्या म्हणाल्या. "दमलीस."

मी कान धरून कप उचलला. चहा तोच होता, पांचट, आलं न घातलेला. मी सगळा प्याले.